ज्यांच्या घरी ते जायचे, तिथून सुरुवात कर

प्रिय बेटा,

जय ख्रिस्त.

तुझा मेसेज आणि सोबतचा आराखडा, दोन्ही मिळाले. पाळकसाहेबांच्या पहिल्या स्मरणदिनाला स्मरणिका काढायची आणि ती तू लिहायचीस, असं पास्टोरेट कमिटीने ठरवलं याचा मला फार आनंद झाला. संडे स्कूलमध्ये तू दुसऱ्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत थांबायचीस, मध्ये तोंड घालायची नाहीस. या कामाला तोच गुण लागतो.

आराखडा नीट वाचला. जन्म, शिक्षण, दीक्षाविधी, कोणत्या मंडळीत किती वर्षं, निवृत्ती, शेवटचं आजारपण. मग बिशपसाहेबांचा संदेश, मान्यवरांची मनोगतं आणि रंगीत फोटोंची पानं. यातलं काही काढू नकोस, ते लागतंच. पण ही पानं कोणत्याही पाळकाच्या स्मरणिकेत जशीच्या तशी चालतील, फक्त नाव बदलायचं. मनोगतांत 'नम्र', 'प्रार्थनाशील', 'मंडळीचे आधारस्तंभ' हे शब्द येतीलच. ते खोटे आहेत असं मी म्हणत नाही. पण आणखी वीस वर्षांनी आपल्या मंडळीतल्या एखाद्या पोराने ती स्मरणिका उघडली, तर पाळकसाहेब सकाळी उठून नेमकं काय करायचे, कोणाकडे जायचे, तिथे बसून काय बोलायचे, यातलं त्याला काहीच सापडणार नाही. म्हणून माझं सांगणं एकच आहे. लिहायला बसण्याआधी, पाळकसाहेब ज्यांच्या घरी जायचे त्यांच्या घरी तू जा. मान्यवरांकडे नंतर जाता येईल. मान्यवर स्वतःहून लिहून पाठवतात, बाकीच्यांना कोणी विचारतच नाही.

तुझ्या आराखड्यात निवृत्तीनंतरच्या वर्षांना एक परिच्छेद आहे: 'निवृत्तीनंतरही त्यांनी मंडळीची सेवा सुरू ठेवली.' तो परिच्छेद काढ आणि त्या जागी निम्मी स्मरणिका दे. पाळक निवृत्त झाला की पार्सोनेज, म्हणजे चर्चने राहायला दिलेलं घर, सोडावं लागतं, व्यासपीठ सोडावं लागतं, रजिस्टरवर सही करायचा अधिकार जातो. नवे पाळक येतात आणि जुन्याने त्यांच्या कामात पडू नये, असा संकेत असतो. पाळकसाहेबांनी तो कसा पाळला हे तुझ्या वयाच्या मुलांनी पाहिलेलं आहे, पण त्याचा अर्थ कोणी तुम्हाला सांगितला नसेल. ते मार्टिननगरला दोन खोल्यांत राहायला गेले आणि पहिल्याच रविवारी येऊन मागून तिसऱ्या बाकावर बसले. शेवटपर्यंत त्यांचा बाक तोच. कोणी म्हणालं, "साहेब, माझ्या नातवाचा बाप्तिस्मा तुमच्याच हातून व्हावा," की ते म्हणायचे, "आधी पाळकांना विचारा. ते म्हणतील तर मी पाणी धरून उभा राहीन." आणि खरोखरच ते भांडं धरून उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

अधिकार गेल्यावर जे उरलं ते म्हणजे लोकांकडे जाणं. ते त्यांनी सोडलं नाही. त्याचा पगार नव्हता, अहवाल नव्हता, वार्षिक सभेत त्यावर टाळ्या पडणार नव्हत्या. माणूस मंडळीला वाहिलेला होता असं आपण म्हणतो, तेव्हा मला ही वर्षं आठवतात. आधीच्या वर्षांत कर्तव्य आणि प्रेम एकमेकांत मिसळलेलं होतं. नंतर निव्वळ प्रेम होतं.

आता ते जायचे कसे, ते ऐक, कारण हे बारकावे तुला कोणी लिहून देणार नाही. मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या दवाखान्याच्या, वॉर्डात ते दुपारी भेटायच्या वेळेला जायचे. दारात उभे राहून आधी रोग्याच्या नातेवाइकाला विचारायचे, "तू जेवला का बाप्पा?" नातेवाइकाला खाली जेवायला पाठवायचे आणि स्वतः स्टुलावर बसायचे. रोग्याशी लगेच बोलायचे नाहीत. सलाइनची बाटली किती उरली ते बघायचे, चादर नीट करायचे. मग शास्त्र, म्हणजे बायबल, उघडायचे. एकदा मी विचारलं होतं, की तुम्ही दवाखान्यात तेविसावं स्तोत्र का वाचत नाही, ते तर सगळ्यांना तोंडपाठ आहे. ते म्हणाले, "म्हणूनच नाही वाचत. आपल्या लोकांनी ते मयतीत इतक्यांदा ऐकलं आहे, की खाटेवर पडलेल्या माणसासमोर वाचलं की तो घाबरतो, त्याला वाटते आपली वेळ आली." ते एकशे एकविसावं वाचायचे. प्रार्थना करायचे ती चार वाक्यांची. शेजारच्या खाटेवर कोणी हिंदू, बौद्ध, मुसलमान असेल तर निघताना त्याच्याही जवळ थांबून गाव विचारायचे. काटोल, उमरेड, शिवनी, बालाघाट, छिंदवाडा, कुठून कुठून लोक मेडिकलला येतात. गावाचं नाव सांगितलं की त्या माणसाचा चेहरा जरा सैल व्हायचा. पाळकसाहेबांना त्या गावचा बाजार कोणत्या वारी भरतो ते माहीत असायचं.

यापुढचा भाग मला स्मरणिकेत हवाच आहे. आपल्या विदर्भात सिकलसेल किती आहे हे तुला माहीत आहे. आदिवासी, दलित, ओबीसी अशा अनेक समाजांत हा रक्ताचा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि आपली मंडळी त्याच समाजांतून आलेली आहे. पाळकसाहेब तरुण असताना त्यांनी एका घरातली दोन लेकरं लागोपाठ पुरली. त्या वेळी लोक म्हणायचे घराला दोष आहे, कोणी म्हणायचं विश्वास कमी पडला. 'विश्वास कमी पडला' हे वाक्य त्यांना इतकं लागलं, की ते मेडिकलच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले आणि त्यांनी सगळं समजून घेतलं. आई आणि बाप दोघंही वाहक असतील, म्हणजे कार्डावर 'एएस' असेल, तर प्रत्येक बाळंतपणात मूल 'एसएस', म्हणजे आजार घेऊनच, जन्मण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला बहुतेक वेळा काहीच त्रास नसतो, म्हणून त्याला कळतही नाही. 'एसएस' मुलाच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि मग सांधे, छाती, पोट असं दुखतं की मोठा माणूस ओरडतो. अंगातलं पाणी कमी झालं की हा झटका येतो. नागपूरचा मे महिना या मुलांसाठी किती वाईट, ते यावरून समज.

पुढे त्यांनी काय केलं ते बघ. आपल्याकडे लग्नाआधी सलग तीन रविवार चर्चमध्ये घोषणा वाचतात, कोणाची हरकत आहे का म्हणून. पाळकसाहेबांनी ठरवलं, की घोषणा वाचायची तर आधी मुलगा आणि मुलगी दोघांनी सिकलसेलची तपासणी करून यायचं. सक्ती नव्हती, तसा काही नियमही नव्हता. पण ते स्वतः बरोबर जायचे. रक्ताचा थेंब, सोल्युबिलिटीची साधी तपासणी, आणि ती पॉझिटिव्ह आली तर पुढची इलेक्ट्रोफोरेसिसची. सुरुवातीला मोठाच विरोध झाला. मुलीच्या बापाला वाटायचं, रिपोर्ट खराब आला तर पोरीचं नाव बद्दू होईल. म्हणून रिपोर्ट ते कोणाला दाखवायचे नाहीत, कमिटीलाही नाही, आणि लग्न मोडा असं त्यांनी कधीही सांगितलं नाही. दोघांना डॉक्टरांपुढे बसवायचे, सगळं समजावून घ्यायला लावायचे, निर्णय त्या दोघांवर सोडायचे. केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम २०२३ साली सुरू केली. आपल्या मंडळीत एक पाळक त्याच्या कितीतरी आधीपासून हे काम घोषणेच्या वहीशेजारी ठेवून करत होता. निवृत्तीनंतर घोषणा वाचणं त्यांच्या हातात राहिलं नाही, पण मे महिन्यात ते सकाळी दहाच्या आत सिकलसेलच्या मुलांच्या घरी चक्कर मारायचे. दारातूनच विचारायचे, "काय वो माय, पाणी पेली का? किती गिलास?" मुलं वैतागायची. त्या मुलांतली काही आज तुझ्यापेक्षा मोठी आहेत, नोकरी करतात, हायड्रॉक्सीयुरियाचं औषध वेळेवर घेतात. त्यांच्याशी बोल. पण त्यांची नावं छापू नकोस, अगदी त्यांनी 'छापा' म्हटलं तरी घरच्यांना विचारल्याशिवाय नको. आजाराची गोष्ट एका माणसाची नसते, त्याच्या बहिणीच्या लग्नाचीही असते.

मंडळीच्या इतिहासाचा भाग तू थोडक्यात घेतला आहेस. तिथे एक गोष्ट नीट लिही. २९ नोव्हेंबर १९७० हा रविवार होता. त्या दिवशी आपल्या नागपुरात, ऑल सेंट्स कॅथेड्रलला, चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली. सहा मंडळ्या एक झाल्या: अँग्लिकन, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया, बॅप्टिस्ट, मेथडिस्टांचा एक भाग, चर्च ऑफ द ब्रदरन आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट. पाळकसाहेब तेव्हा तरुण होते, सेवेत नवे होते, आणि त्या गर्दीत पाणी वाटायला होते. कागदावर एकी त्या दिवशी झाली. माणसांत व्हायला पुढची कितीतरी वर्षं लागली. स्कॉटिश मिशनच्या घरांतली म्हातारी माणसं प्रार्थनेला उभी राहायची किंवा बसूनच मान खाली घालायची, अँग्लिकन घरांतली गुडघे टेकायची, आणि दोघंही एकमेकांकडे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघायची. बाळाचा बाप्तिस्मा करावा की माणूस जाणता झाल्यावर, यावर तर भावाभावांत अबोला होता. नव्या मंडळीने दोन्ही पद्धती मान्य केल्या होत्या, पण मान्य करणं घटनेत सोपं असतं, घरात नसतं. पाळकसाहेबांनी एका कुटुंबात थोरल्याच्या बाळाचा बाप्तिस्मा केला, आणि त्याच आठवड्यात धाकट्याच्या बाळासाठी फक्त अर्पणाची प्रार्थना केली. दोन्ही वेळेला उपदेशाचा उतारा एकच घेतला. मग दोघा भावांना एकाच ताटात जेवायला बसवलं. हे मी त्या घरातल्या थोरल्या सुनेकडून ऐकलं आहे. ती आता थकली आहे, तिच्याकडे लवकर जा.

आपल्याकडच्या भाषेच्या भांडणाचंही लिही. नागपूर मध्य प्रांताची राजधानी होतं, त्यामुळे हिंदी आणि मराठी दोन्ही इथल्याच. त्यात रेल्वेमुळे आलेली तेलुगू, तामिळ, मल्याळी कुटुंबं. सकाळची उपासना मराठीत की हिंदीत, यावरून मंडळीत दोन गट पडले होते आणि काही घरांनी येणं बंद केलं होतं. पाळकसाहेबांनी तोडगा काढला तो असा, की भजन ज्याला ज्या भाषेत येतं त्याने त्या भाषेत म्हणावं, आणि उपदेश मराठीत होईल, पण त्यानंतर दारात उभं राहून ते प्रत्येकाशी त्याच्या भाषेत बोलतील. त्यांची तेलुगू मोडकी होती, चार-सहा वाक्यांची. आजारी आहात का, लेकरू कसं आहे, पत्र आलं का. तेवढ्यावर ती घरं परत आली. या भांडणात कोण कोणाच्या बाजूने होतं ते लिहू नकोस. त्यांची नातवंडं आज कॉयरमध्ये शेजारी शेजारी उभी असतात.

एम्प्रेस मिलबद्दलही दोन ओळी असू देत. १८७७ पासून जिच्या भोंग्यावर अर्ध्या शहराचं घड्याळ लागायचं ती गिरणी बंद पडली, तेव्हा पार्सोनेजच्या व्हरांड्यात रोज संध्याकाळी कामगार बसलेले असायचे, आपलेही आणि दुसरेही. पीएफचे अर्ज, वारसाचं नाव, स्पेलिंगच्या चुका. साहेब ते सगळे अर्ज स्वतः भरून द्यायचे, आणि ज्याला सही येत नव्हती त्याला आधी सही शिकवायचे.

आता कबरस्तानाचं. जरीपटक्याला मयत असली की ते पेटी पोचायच्या आधी तासभर हजर. हे त्यांनी निवृत्तीनंतरही केलं, विधी नवे पाळक करत असतानाही. खड्डा खोदणाऱ्यांशी बोलायचे. हातातली छत्री उलटी धरून खड्ड्यात सोडायचे आणि खोली बघायचे. उन्हाळ्यात जमीन इतकी टणक होते की माणसं वरवर खोदून मोकळी होतात, आणि पावसाळ्यात काळी माती कडेने खचते, आत पाणी भरतं. एकदा ऐन श्रावणात दोन्ही कडा ढासळल्या. तेव्हा त्यांनी पेटी फाटकाशीच थांबवायला लावली, फळ्या मागवल्या, पाणी उपसायला लावलं. कोणीतरी घाई करू लागलं तर म्हणाले, "घाई काहून करून राहिले? त्याला आता कुठं जायचं नाही. आईच्या डोळ्यांपुढं पेटी पाण्यात सोडणार का?" खोदणाऱ्या माणसांना ते मयतीच्या घरच्यांच्या आधी चहा द्यायचे. त्यांच्यापैकी एक जण अजून तिथे काम करतो. पाळकसाहेबांचा स्वतःचा खड्डा त्याने खोदला. त्याचं मनोगत घे. त्याला लिहिता येत नाही, तू लिहून घे आणि तो जसा बोलला तसंच छाप, शुद्ध मराठीत आणू नकोस.

तू विचारलंस की जुनी कागदपत्रं कुठे मिळतील. चर्चच्या ऑफिसात बाप्तिस्मा, विवाह आणि दफन अशी तीन रजिस्टरं आहेत. पाळकांची लेखी परवानगी घे आणि तिथेच बसून वाच. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. त्याआधी आपल्या कितीतरी लोकांकडे जन्माचा दाखला म्हणून बाप्तिस्म्याची नोंद तेवढीच होती, शाळेपासून पेन्शनपर्यंत तीच चालली. म्हणून पाळकसाहेब नोंद करताना बापाचा धंदा आणि आईचं नाव कधीही सोडत नसत. त्यांचं अक्षर तुला लगेच ओळखू येईल, 'ळ' मोठा काढायचे. विवाहाची नोंद भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे, म्हणजे १८७२ च्या, त्यामुळे ती वही जास्त काटेकोर आहे, तिच्यात माणूस कमी दिसतो. दफनाच्या वहीत मृत्यूच्या कारणाच्या रकान्यात त्यांनी काय लिहिलं आहे ते सलग वाच. आधीच्या वर्षांत 'ताप', 'अशक्तपणा' असं मोघम आहे. मग एका वर्षापासून 'सिकलसेल' हा शब्द स्पष्ट दिसू लागतो. त्यांना कळलं ते साल तुला तिथे सापडेल. वहीचे फोटो मात्र काढू नकोस, त्यात दुसऱ्यांची घरं आहेत.

हिस्लॉप कॉलेजात तू पाच वर्षं होतीस. ज्याच्या नावाचं कॉलेज, तो स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला. पाळक होता, शाळा काढली, दगड आणि जीवाश्म गोळा करायचा. ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची दगडांची वर्तुळं पाहून परत येताना पुराच्या ओढ्यात वाहून गेला. त्याच्या मागे राहिले ते गोंड आणि इतर आदिवासींबद्दल त्याने टिपलेले कागद. लोक काय म्हणतात, काय गातात, कशाला काय म्हणतात, ते त्याने बसून लिहून घेतलं होतं. रिचर्ड टेंपलने ते १८६६ साली छापले आणि अभ्यासक ते अजून उघडतात. त्याचे उपदेश आज कोणी उघडत नाही. तुझ्या हातातल्या कामाला हे लागू आहे, म्हणून सांगितलं. पाळकसाहेबांचे उपदेश छापायचा आग्रह कमिटीतले दोघं-तिघं करतील. एखादा छाप. बाकीची पानं लोकांच्या बोलण्याला ठेव.

दसऱ्याच्या पाण्याचं विसरू नकोस. दीक्षाभूमीला धम्मचक्र प्रवर्तन दिनाला लाखो लोक येतात, बरेचसे पायी. १९५६ ला बाबासाहेबांनी दीक्षा दिली तेव्हा पाळकसाहेब शाळकरी होते, त्यांच्या वस्तीतली निम्मी घरं त्या दिवसांत बौद्ध झाली, त्यांचे सोबती त्यात होते. त्या मैत्रीतून त्यांनी दरवर्षी रस्त्याच्या कडेला पाण्याचे माठ ठेवायला सुरुवात केली. त्यावर ना चर्चचा बोर्ड, ना वचनाचा कागद. मंडळीतल्या काहींना ते रुचलं नाही, पत्रकं तरी वाटू म्हणाले. साहेबांनी साफ नकार दिला. तहानलेल्याला पाणी देताना त्याच्याकडून काही मागायचं नाही, एवढंच ते म्हणाले आणि विषय संपवला. इंदोऱ्याचे त्यांचे एक बालमित्र अजून आहेत. पाळकसाहेबांच्या मयतीला ते पंचशीलाचा झेंडा घरी ठेवून, पांढरे कपडे घालून, पहिल्या रांगेत बसले होते. त्यांचं मनोगत बिशपसाहेबांच्या संदेशाशेजारी छाप.

आणि त्यांना देवमाणूस करू नकोस. ते रागीट होते. उशिरा येणाऱ्या कॉयरवर सगळ्यांदेखत ओरडायचे. स्वतःच्या मुलांच्या शाळेत पालकसभेला गेल्याचं त्यांच्या मुलांना आठवत नाही. हे मुलांनीच मला सांगितलं, आणि ते लिहायला त्यांची हरकत नाही. घर चाललं ते मॅडमच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, पगारावर. त्या मिशनच्या दवाखान्यात नर्स होत्या, रात्रपाळी करून येऊन पाहुण्यांचा स्वयंपाक करायच्या, कारण पार्सोनेजमध्ये कोण कधी जेवायला येईल याचा नेम नसायचा. सिकलसेलचं पहिलं शास्त्रशुद्ध बोलणं पाळकसाहेबांनी त्यांच्याकडूनच ऐकलं, डॉक्टरांकडे नंतर गेले. स्मरणिकेत मॅडमचा फोटो 'सौभाग्यवती' म्हणून कोपऱ्यात टाकला तर मला वाईट वाटेल. त्यांना वेगळा लेख दे, आणि तो त्यांना वाचून दाखवल्याशिवाय प्रेसला पाठवू नकोस.

लोकांकडे जाशील तेव्हा मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवून लगेच प्रश्न विचारू नकोस. पहिल्या भेटीत चहा घे आणि ये. 'पाळकसाहेब कसे होते' असं विचारलंस की लोक मनोगताच्या भाषेत बोलायला लागतात. त्याऐवजी विचार, की ते आले की कुठे बसायचे, तुमच्याकडे शेवटचे कधी आले, जाताना काय म्हणाले. कर्जाच्या, दारूच्या, नवरा-बायकोच्या भांडणाच्या गोष्टी निघतीलच, कारण त्यांच्यापाशी लोक तेच बोलायचे. त्या ऐक आणि तिथेच सोड. साहेबांनी त्या कोणाला सांगितल्या नाहीत, स्मरणिकेनेही सांगू नयेत.

ते ज्यांच्याकडे जायचे त्यातल्या काही घरी आता कोणीच जात नाही, हे तुला फिरताना दिसेल. मोहननगरला एक आजी आहे, तिचा मुलगा दुबईला. खलाशी लाइनमध्ये एक निवृत्त गार्ड आहे, त्याला दिसत नाही, त्याला शास्त्र वाचून दाखवायला साहेब गुरुवारी जायचे. अशी घरं एका कागदावर वेगळी लिहून ठेव. तो कागद छापायचा नाही, तो कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी स्वतः ठेवणार आहे, आणि कोणत्या घरी कोण जाणार हे तिथेच ठरवून घेणार आहे. तुझं नावही मी त्यात धरलं आहे, आधीच सांगते.

पहिल्यांदा त्या दोन भावांच्या घरच्या थोरल्या सुनेकडे जा. ती दुपारी झोपते, चारनंतर बोलते. जाताना संत्र्याची बर्फी नेऊ नकोस, तिला साखर आहे. शनिवारी तुला जमत असेल तर मी बरोबर येते, नाहीतर एकटी जा, पण हा आठवडा टाळू नकोस.

आशीर्वाद.

तुझी,
संडे स्कूलची टीचर